पीआरमध्ये यायचंय? आधी कंपनीच्या आतली बातमी काढायला शिका

जून-जुलैत निकाल लागले की मला एकाच छापाचे मेसेज येऊ लागतात. ‘मॅडम, पीआरमध्ये करिअर करायचंय. माझं बोलणं चांगलं आहे, ओळखी पटकन होतात.’ छान आहे, पण बोलणं चांगलं असलेली माणसं विमा विकायलाही लागतात आणि निवडणुकीतही लागतात. पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, दिवस जातो तो लिहिण्यात, फोन करण्यात आणि मुख्य म्हणजे आपल्याच कंपनीतल्या माणसांकडून खरी माहिती काढण्यात. या शेवटच्या कामाबद्दल कुठल्याही कोर्सच्या माहितीपत्रकात एक ओळ नसते, आणि नवा माणूस टिकतो की वर्षभरात कंटाळून जातो हे तिथंच ठरतं.

मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित होतात तिथं, सुरुवात केली, मग मुंबईत एजन्सी (अनेक कंपन्यांचा जनसंपर्क बघणारी संस्था), मग एका कारखानदार कंपनीचं कॉर्पोरेट कम्युनिकेशन. सध्या उद्योगांचं सरकारदरबारचं काम बघते, ज्याला पब्लिक अफेअर्स म्हणतात. पुढचं सगळं महाराष्ट्राच्या आणि मुख्यतः मराठी माध्यमांच्या हिशेबानं लिहिलं आहे. दिल्लीत किंवा बंगळूरला काम करणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

१. कुठल्या दारानं आत जायचं ते ठरवा

एजन्सी, कंपनी, सरकारी खातं आणि पब्लिक अफेअर्स असे ढोबळ चार रस्ते आहेत. रुग्णालयं, विद्यापीठं, महापालिका, महावितरणसारख्या कंपन्या यांच्याकडेही जनसंपर्क अधिकारी असतात. राजकीय नेत्यांच्या कार्यालयातलं काम हा पाचवा रस्ता. तिथं वेळेला बंधन नाही आणि नेता पडला की नोकरीही पडते, एवढं माहीत असू द्या.

पहिली नोकरी शक्यतो एजन्सीत करा. पगार जेमतेम असतो, बॉस वैतागलेला असतो, पण एकाच वेळी बँक, बिस्किट आणि बिल्डर असे तीन क्लायंट हाताळताना जे शिकायला मिळतं ते थेट कंपनीत गेलेल्याला फार उशिरा कळतं. दोन-अडीच वर्षांनी मात्र विचार करा. एजन्सीत फार काळ राहिलेली माणसं कव्हरेज, म्हणजे छापून आलेल्या बातम्या, मोजण्यात पटाईत होतात आणि व्यवसाय कसा चालतो हे समजून घेण्यात कच्ची राहतात, असं माझं निरीक्षण आहे. अपवाद आहेत, आणि त्यातले काही माझे मित्र आहेत.

२. शिक्षण: किती आणि कुठलं

पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनाची पदवी अथवा पदविका असावी. खासगी नोकरीत तिच्यावाचून अडत नाही, सरकारी भरतीत अडतं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत विद्यापीठाचा विभाग आणि झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, अमरावतीत आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम बघा.

‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही या व्यवसायातली जुनी संघटना १९५८ सालची आहे. तिच्या शाखांचे कार्यक्रम होतात आणि २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिनही साजरा होतो. विद्यार्थी असताना अशा कार्यक्रमांना जरूर जा. भाषणं ऐकली नाहीत तरी चालेल, चहाच्या वेळी थांबा.

माझा खरा सल्ला वेगळा आहे. जमलं तर वर्षभर एखाद्या दैनिकात उपसंपादक म्हणून काढा, जिल्हा आवृत्तीत मिळालं तर आणखी चांगलं. रोज संध्याकाळी डेस्कवर प्रेस नोटांचा ढीग येतो आणि त्यातल्या बहुतेक दोन ओळी वाचून बाजूला पडतात. का पडतात हे एकदा आपल्या हातानं पाडून बघितलं की पुढं तुमच्या कमी नोटा बाजूला पडतील.

३. काय काय जवळ हवं

अर्ज करण्याआधी हे जमवून ठेवा:

– एका पानाचा बायोडेटा. दुसरं पान कोणी वाचत नाही.
– स्वतः लिहिलेले चार-पाच नमुने: एक मराठी प्रेस नोट, एक इंग्रजी, एखाद्या तज्ज्ञाच्या नावानं लिहिता येईल असा लेख, एक तक्रारीला उत्तर. छापून आलेली कात्रणं असतील तर उत्तम. नसतील तर एखाद्या खऱ्या कार्यक्रमावर स्वतःच नोट लिहा आणि ‘सरावासाठी’ असं वर स्पष्ट लिहा.
– पदवीची प्रमाणपत्रं, आधीच्या ठिकाणचं अनुभवपत्र. इंटर्नशिपचंसुद्धा पत्र मागून घ्या, नंतर कोणी शोधून देत नाही.
– सरकारी भरतीसाठी अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर. शेवटचं मुदतीत आहे का ते आजच बघा. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांग लागते.
– युनिकोड मराठीत वेगानं टायपिंग. युनिकोडआधीच्या श्रीलिपी फॉन्टातल्या जुन्या फाइली उघडून त्यांचं रूपांतर करता येत असेल तर ऑफिसात तुम्हाला लगेच भाव येतो.
– दुसरं सिमकार्ड. कामाचा नंबर वेगळा ठेवा. हा नंबर पुढची कित्येक वर्षं शेकडो लोकांच्या फोनमध्ये राहणार आहे आणि नोकरी सोडताना तो कंपनीच्या नावावर असेल तर हातचा जातो.

एजन्सीच्या मुलाखतीत बहुधा लेखी चाचणी असते. इंग्रजी नोट देतात आणि मराठीत करायला सांगतात, किंवा एखादी घटना देऊन निवेदन लिहायला लावतात. चकचकीत शब्दांना गुण नसतात. आकडे, नावं, हुद्दे बरोबर उतरले का, हे आधी बघतात.

४. प्रेस नोट लिहायला शिका, म्हणजे खोडायला शिका

समजा, कंपनीनं एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली. तुमच्या हातात वरून जो मसुदा येतो तो साधारण असा असतो: ‘सामाजिक बांधिलकी जपण्यात सदैव अग्रेसर असणाऱ्या आमच्या कंपनीच्या वतीने, कार्यकारी संचालक यांच्या कुशल नेतृत्वाखाली व सरपंच यांच्या शुभहस्ते, मोठ्या उत्साहात व खेळीमेळीच्या वातावरणात जलकुंभाचा लोकार्पण सोहळा संपन्न झाला.’

यात बातमी कुठे आहे? शाळेतल्या मुलांना आधी पाणी कुठून आणावं लागायचं, टाकी किती लिटरची, किती मुलांना उपयोग, वीजबिल आणि दुरुस्ती यापुढं कोण करणार, यातलं काहीच नाही. शेवटचा प्रश्न तर तालुका प्रतिनिधी हमखास विचारतो, कारण असल्या बंद पडलेल्या टाक्या त्यानं त्याच तालुक्यात पाहिलेल्या असतात. तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा, सीएसआर (कंपनीची सामाजिक कामं बघणाऱ्या) विभागाकडून आकडे घ्या आणि नोट अशी सुरू करा: ‘अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेतील इतक्या विद्यार्थ्यांना आता शाळेच्या आवारातच पिण्याचे पाणी मिळणार आहे.’ संचालकांचं नाव तिसऱ्या परिच्छेदात आलं तरी ते छापून येतं. पहिल्या ओळीत आलं तर नोटच उडते. हे संचालकांना समजावणं तुमचं काम, आणि तेच जास्त अवघड आहे.

काही बारीकसारीक गोष्टी ज्यावर नोट अडते:

मजकूर थेट ईमेलमध्ये किंवा वर्डमध्ये द्या, पीडीएफमध्ये नको. उपसंपादकाला कॉपी करता आला नाही तर तो टाइप करत बसणार नाही. फोटो वेगळा जोडा, व्हॉट्सअॅपवर दाबून गेलेला छपाईला चालत नाही. फोटोओळीत ‘डावीकडून’ असं लिहून सगळ्यांची पूर्ण नावं द्या. ‘आदी मान्यवर’मध्ये ज्याचं नाव गेलं तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तुम्हालाच फोन करतो. नोटेच्या तळाशी तुमचं नाव आणि चालू असलेला नंबर लिहा. आणि इंग्रजी नोट यंत्रात घालून निघालेली मराठी तशीच पाठवू नका. डेस्कवर ती मोठ्यानं वाचून हसतात, मी स्वतः हसलेली आहे.

५. मीडिया लिस्ट ही उसनी घ्यायची वस्तू नाही

एजन्सीत पहिल्या दिवशी तुम्हाला एक एक्सेल फाइल मिळेल. त्यातल्या निम्म्या लोकांनी नोकरी बदललेली असते, काही निवृत्त असतात. ती फाइल आपल्या हातानं नव्यानं बांधा: नाव, दैनिक, आवृत्ती, बीट (वार्ताहराचा ठरलेला विषय), कुठल्या वेळेला फोन केलेला चालतो.

महाराष्ट्राचा नकाशा डोक्यात हवा. कोल्हापूर-सांगलीकडे ‘पुढारी’ वजनदार, विदर्भात ‘लोकमत’ आणि ‘देशोन्नती’, पुण्यात ‘सकाळ’. आणि ‘तरुण भारत’ नावाची एकाहून अधिक वेगळी दैनिकं आहेत, त्यातलं एक नागपूरचं, दुसरं बेळगावचं. बेळगावचं कोकणात आणि गोव्यातही वाचलं जातं. नागपूरच्या मेट्रोची नोट बेळगावला गेल्याचे प्रकार होतात, हसू नका. पणजीला नोट पाठवत असाल तर ‘नवप्रभा’ आणि ‘गोमन्तक’ची माणसं ओळखून घ्या. मुंबईतला विषय जसाच्या तसा तिथं ढकलला तर तो कोणाच्याच कामाचा नसतो.

फोनच्या वेळा पाळा. सकाळी अकरा ते दुपारी दोन-अडीच बरा काळ. संध्याकाळी पाचनंतर ‘सर, नोट मिळाली का?’ असा फोन म्हणजे शिव्या खाण्याची तयारी. तालुक्याची आणि जिल्ह्याची पानं शहराच्या पानांआधी सुटतात, त्यामुळे ग्रामीण भागातली बातमी दुपारी लवकर पोचली पाहिजे. वाहिनीला मजकूर कमी आणि बाइट (कॅमेऱ्यासमोरचं छोटं बोलणं) जास्त लागतो. बोलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांत मुद्दा सांगू शकेल का, ते आधी बघून ठेवा.

इथले तीन सापळे.

पहिला, जाहिरातीची धमकी. ‘आम्ही तुम्हाला वर्षाची इतकी जाहिरात देतो’ हे वाक्य वार्ताहराला कधीही म्हणू नका. काही ठिकाणी जाहिरात आणि बातमीतली भिंत पातळ झाली आहे, पॅकेजं विकली जातात, हे उघड गुपित आहे. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर भारतीय प्रेस परिषदेनं (प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया) २०१० मध्ये अहवालही दिला. जाहिरात द्यायची असेल तर जाहिरात विभागाशी, जाहिरात म्हणून, पावती घेऊन व्यवहार करा. वार्ताहराला त्यात ओढलंत की चांगला वार्ताहर कायमचा तुटतो आणि वाईट वार्ताहर कायमचा चिकटतो.

दुसरा, पाकीट, म्हणजे बातमीसाठी दिलेले पैसे. कोणी मागितलं तर नाही म्हणा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. दिवाळीचा मिठाईचा डबा एवढ्यावर थांबा, तोही सगळ्यांना सारखा.

तिसरा, ‘ऑफ द रेकॉर्ड’. हे बोलण्याच्या आधी ठरतं. बोलून झाल्यावर ‘हे छापू नका हं’ म्हणण्याला काही अर्थ नाही. नव्या माणसानं तर ऑफ द रेकॉर्ड बोलूच नये.

६. पत्रकार परिषद घ्यायचीच आहे का?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. क्लायंटला समोर वीस माइक हवे असतात, पत्रकाराला प्रश्न विचारण्याजोगं काही हवं असतं. नुसतं उत्पादन बाजारात आणलं म्हणून परिषद घेतली तर नाश्ता संपतो आणि बातमी येत नाही. निवडक चार जणांना वेगवेगळं भेटवलं तर अधिक हाती लागतं.

घ्यायचीच असेल तर शहरातला पत्रकार संघ हे सर्वांत सोपं ठिकाण. मुंबईत आझाद मैदानाजवळचा मुंबई मराठी पत्रकार संघ, पुण्यात नवी पेठेतला श्रमिक पत्रकार संघ. तिथं सभागृहाचं भाडं पंचतारांकित हॉटेलच्या मानानं किरकोळ, आणि पत्रकार तसेही तिथं असतात. वेळ सकाळी साडेअकराच्या आसपास. तारीख ठरवताना मंत्रिमंडळ बैठकीचा दिवस, अधिवेशनाचा पहिला दिवस, अर्थसंकल्प आणि निवडणुकीचे निकाल टाळा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला मुंबईतल्या राजकीय वार्ताहरांची निम्मी फळी नागपुरात असते, हे मुंबईत परिषद ठेवणारे दर वर्षी विसरतात.

टेबलावरच्या नावाच्या पाट्या आदल्या रात्री स्वतः तपासा. वक्त्याला प्रश्नोत्तरांचा सराव द्या आणि त्यात सगळ्यात अडचणीचा प्रश्न तुम्हीच विचारा. बाहेर उपस्थितीची वही ठेवा. माइक चालतो का, एवढं तरी बघा.

७. आतली बातमी काढणं

आता मुख्य काम. एखाद्या एमआयडीसीतल्या कारखान्यात रात्री दोनला वायुगळती झाली असं धरा. गेटवरच्या पहारेकऱ्यानं किंवा समोरच्या चहावाल्यानं काढलेला व्हिडिओ अडीचला गावच्या ग्रुपवर असतो. पावणेतीनला तालुक्याच्या वार्ताहराचा तुम्हाला फोन येतो. तुमच्या एमडींना (व्यवस्थापकीय संचालकांना) अजून कोणी उठवलेलंही नसतं. प्लांट मॅनेजर फोन घेत नाही, घेतला तर म्हणतो ‘विशेष काही नाही, कंट्रोलमध्ये आहे’. या क्षणी तुमच्याकडे प्लांटच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा वैयक्तिक नंबर आहे का आणि तो तुमच्याशी खरं बोलतो का, यावर पुढचे तीन दिवस ठरतात.

म्हणून कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात केबिनमध्ये बसून वृत्तपत्रं चाळू नका. प्लांटवर जा. सुरक्षा अधिकारी, कामगार अधिकारी, कंपनीचे डॉक्टर, वाहतुकीचा माणूस, युनियनचे प्रतिनिधी यांच्याबरोबर कँटीनमध्ये जेवा. कुठल्या टाकीत काय साठवलेलं असतं, कंत्राटी कामगार किती, मागच्या वर्षी किती किरकोळ अपघात झाले, जवळचं रुग्णालय किती अंतरावर, हे सगळं एका वहीत हवं. काही अधिकारी ‘तुम्हाला हे कशाला पाहिजे?’ म्हणतील. त्यांना उत्तर द्या: मला चुकीचं बोलायचं नाही म्हणून. याहून मोठं कारण देऊ नका, ते पटत नाही.

गळतीच्या रात्री पहिलं निवेदन तासाभरात जावं आणि ते चार-पाच ओळींचंच असावं. काय झालं, कधी झालं, कोणी जखमी आहे का आणि त्यांना कुठं नेलं, अग्निशमन दल व प्रशासनाला कळवलं का, पुढची माहिती किती वाजता देणार. कारणाबद्दल एक शब्द नाही, ‘मानवी चूक’ तर मुळीच नाही, कारण तो मानव बहुधा रुग्णालयात असतो आणि त्याचं कुटुंब बातमी वाचत असतं. घरच्यांना कळवण्याआधी जखमींची नावं देऊ नका. ‘परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात’ हे वाक्य सुरक्षा अधिकाऱ्यानं स्वतः खात्री दिल्याशिवाय लिहू नका. आणि पुढची माहिती सहा वाजता देतो म्हटलं असेल तर सहाला द्या, नवीन काही नसलं तरी ‘नवीन काही नाही’ हे सांगायला फोन करा.

विधी विभाग तुम्हाला गप्प बसायला सांगेल. त्यांचं बरोबर असतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर न्यायालय असतं. तुमच्या डोळ्यांसमोर गाव असतं. दोघांना मान्य होईल असा मसुदा आधीच, शांततेच्या काळात, रिकाम्या जागा ठेवून तयार करून घ्या. मध्यरात्री वकिलाशी स्वल्पविरामावर वाद घालायला वेळ नसतो.

आपल्याकडचं अभ्यासण्यासारखं प्रकरण म्हणजे कॅडबरीचं. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला डेअरी मिल्कमध्ये अळ्या आढळल्या. कंपनीनं सुरुवातीला दुकानातल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. ते तांत्रिकदृष्ट्या खरं असेलही, पण आई मुलाच्या हातात चॉकलेट देते तेव्हा ती दुकानदाराचं गोदाम तपासत नाही. नंतर कंपनीनं दुकानदारांसाठी साठवणुकीची मोहीम घेतली, २००४ च्या सुरुवातीला वेष्टन बदलून अधिक घट्ट बंद होणारं केलं आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं. बहुतेक विद्यार्थी अमिताभवर प्रेझेंटेशन करतात. मला विचाराल तर वेष्टन बदललं नसतं तर अमिताभही कमी पडले असते. प्रश्न उत्पादनात असेल तर उत्तरही तिथंच शोधावं लागतं, आणि ते कारखान्यातल्या माणसाला पटवायला जनसंपर्काचा माणूस बैठकीत असावा लागतो.

८. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर

इथं उत्साह अंगाशी येतो. निकाल, विलीनीकरण, मोठी ऑर्डर, अध्यक्षांचा राजीनामा अशी शेअरच्या भावावर परिणाम करणारी माहिती सेबीच्या (शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी शेअर बाजाराला जाते, मग पत्रकाराला. ओळखीच्या पत्रकाराला ‘तुम्हाला म्हणून सांगते’ हा प्रकार इथं नियमभंग ठरू शकतो. कंपनी सेक्रेटरीच्या होकाराशिवाय नोट बाहेर काढू नका. शिवाय जून २०२४ पासून पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० (बाजारमूल्यानं सर्वांत मोठ्या) कंपन्यांना, प्रमुख माध्यमांतल्या अफवेमुळे भावात मोठी हालचाल झाली तर २४ तासांत ती खरी की खोटी हे सांगावं लागतं. म्हणजे सकाळची वृत्तपत्रं वाचणं हे आता नुसतं कात्रणाचं काम राहिलेलं नाही. आणि तुमच्या स्वतःच्या शेअर खरेदी-विक्रीवरही बंधनं येतात, रुजू होतानाच विचारून घ्या.

९. पब्लिक अफेअर्स: मंत्रालयाचा जिना

या कामाबद्दल गैरसमज फार. लोकांना वाटतं मंत्र्यांशी ओळख असली की झालं. मंत्री बदलतात, खाती बदलतात. फाइल कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून अवर सचिव, उपसचिव असा प्रवास करत सचिवांकडे जाते, आणि तुमचा मुद्दा कक्ष अधिकाऱ्याच्या टिप्पणीत नीट आला नसेल तर वर कितीही हसून बोलणं झालेलं असो, फाइल तशीच परत येते.

सुरुवात अशी करा. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णय रोज येतात. आपल्या क्षेत्राशी संबंधित दोन-तीन विभागांचे रोज वाचा. नियमांचे मसुदे राजपत्रात ‘हरकती व सूचना’ मागवत प्रसिद्ध होतात, त्याला मुदत असते. मुदत संपल्यावर रडणारे उद्योजक मी दर वर्षी बघते. एका कंपनीचं म्हणणं ‘स्वार्थ’ वाटतं, तेच उद्योग संघटनेमार्फत गेलं तर ‘क्षेत्राची अडचण’ ठरते, म्हणून पुण्यात मराठा चेंबर, राज्यपातळीवर महाराष्ट्र चेंबर, देशपातळीवरची सीआयआय अशा उद्योग संघटनांच्या समित्यांत बसायला शिका.

निवेदन दोन पानांचं, मराठीत. अडचण काय, कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमामुळे, दुसऱ्या राज्यात काय केलंय, नेमका कुठला बदल हवा. बदलाचा मसुदाच लिहून द्या. प्रत आवक विभागात देऊन शिक्का मारलेली पोच घ्या, नाहीतर महिनाभरानं ‘पत्र मिळालंच नाही’ ऐकावं लागतं. मंत्रालयात प्रवेशाची नोंदणी आणि ओळखपत्र सोबत लागतं, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणाला गाठायला जाऊ नका.

अधिवेशन काळात सुट्टी विसरा. तुमच्या कारखान्याबद्दल एखाद्या आमदारांनी तारांकित प्रश्न (ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना) लावली की संबंधित विभाग जिल्ह्याकडून माहिती मागवतो, जिल्हा तुमच्याकडून, आणि उत्तराला काही तास मिळतात. आमदारांवर चिडू नका. प्रश्नामागे बहुधा गावातली खरी तक्रार असते. सातव्या टप्प्यातली वही इथं परत कामाला येते.

एक गोष्ट पक्की. ‘काम करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटेलच. त्याला कंपनीच्या खर्चानं चहाही पाजू नका.

१०. सरकारी जनसंपर्कात जायचं असेल तर

राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हे मुख्य खातं. जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती कार्यालयं, दिल्ली आणि पणजीला महाराष्ट्र परिचय केंद्र, ‘लोकराज्य’ मासिक, ‘महासंवाद’ संकेतस्थळ, पत्रकारांच्या अधिस्वीकृती पत्रिका हे सगळं यांच्याकडे. अधिकारी पदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि पत्रकारितेच्या शिक्षणाबरोबर अनुभवाची अट असते. अनुभवाचं पत्र कसं हवं ते जाहिरातीत शब्दशः वाचा. ‘आमच्याकडे काम केले आहे’ एवढ्यावर अर्ज बाद होतात, कालावधी आणि पद दोन्ही लागतं. जाहिराती वारंवार निघत नाहीत, त्यामुळे फक्त याच भरवशावर घरी बसू नका.

११. पैसे आणि मोजमाप

क्लायंट दर महिन्याला विचारतो, ‘किती आलं?’ जुनी पद्धत म्हणजे बातमीची जागा सेंटिमीटरनं मोजायची आणि तेवढ्या जाहिरातीचा दर लावायचा. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१० मध्येच बार्सिलोनात ही पद्धत नाकारली, तरी आपल्याकडे अजून अनेक अहवालांत ती असते. सांगितलं तर करून द्या, पण सोबत एक पान स्वतःचं जोडा: कुठल्या गैरसमजाचं उत्तर गेलं, कुठला वार्ताहर पहिल्यांदा प्लांटवर आला, कुठली चुकीची बातमी छापण्याआधी थांबली. न आलेल्या बातमीचं कात्रण नसतं, म्हणून ती लिहूनच ठेवावी लागते.

स्वतंत्र काम करणार असाल तर करारात तीन गोष्टी हव्यात: दरमहा रिटेनर (ठरलेली रक्कम) कुठल्या तारखेला, कामात काय धरलंय आणि काय नाही, आणि बंद करताना किती दिवसांची नोटीस. ‘बातमी आली तर पैसे’ असं काम घेऊ नका. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी दिली की तुम्ही हळूहळू त्या पाकिटाच्या दिशेनंच सरकता.

१२. मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा सुट्ट्यांबद्दल विचारू नका. विचारा: ‘मध्यरात्री काही झालं तर मी थेट कोणाला फोन करायचा?’ एमडी किंवा प्लांट हेड असं उत्तर आलं तर जागा चांगली आहे. ‘मार्केटिंग हेडना सांगा, ते पुढं कळवतील’ असं आलं तर पगार थोडा जास्त मागा, कारण तिथं सगळ्यात शेवटी कळणारा माणूस तुम्ही असणार आणि पहिला फोन मात्र तुम्हालाच येणार.